उद्वाहन तपासणीकरिता बंद आहे

आत्या न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन सरकारी रुग्णालयात दाखल झाली. स्ट्रेचर लिफ्टपाशी नेलं, तर दारावर बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीला एक कागद चिकटवलेला. ‘उद्वाहन तपासणीकरिता बंद आहे. आदेशावरून.’ आत्याने एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली आहेत, आवक-जावकपासून लेखाशाखेपर्यंत. कागद दिसला की ती वाचते, आणि वाचला की त्यातली त्रुटी काढते. हाड मोडलेलं असलं तरी.

“तारीख नाही,” ती कण्हत म्हणाली. “जावक क्रमांक नाही. आदेश कुणाचा, ते नाही. आणि हे ‘करिता’ बघ. तपासणी चालू असती तर ‘तपासणी चालू असल्याने’ असं लिहिलं असतं. ‘करिता’ म्हणजे अजून कुणी आलेलंच नाही.”

“आत्या, दुखतंय ना गं?”

“दुखतंय म्हणूनच सांगते. हे काही आज उघडत नाही. रॅम्पकडे घ्या.”

हाडांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. ज्यांचे पाय धडधाकट आहेत ते सगळे, म्हणजे डोळेवाले, कान-नाक-घसावाले, खरूज-नायटेवाले तळमजल्यावर. ज्यांचे मोडलेत ते तिसऱ्यावर. या रचनेमागे काहीतरी वैद्यकीय कारण असणार असं मी धरून चाललो. वॉर्डबॉय पुढून ओढत होता, मी मागून रेटत होतो, आणि दुसऱ्या वळणावर माझा दम संपल्याचं पाहून एका अनोळखी पेशंटचे दोन जावई मदतीला धावले. सरकारी रुग्णालयाच्या रॅम्पवर जेवढी माणुसकी दिसते तेवढी इतर कुठे दिसत नाही. लिफ्ट चालू असती तर ती दिसली नसती, हेही खरं.

रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी त्या ‘उद्वाहन’ शब्दाचा विचार करत होतो. बोलताना आपण सगळे लिफ्टच म्हणतो, ती चालवणारासुद्धा. पण लिफ्ट एकदा कागदावर गेली की तिचं उद्वाहन होतं. संस्कृतात उद्वाह म्हणजे विवाह. त्या हिशेबाने दारावरच्या कागदाचा अर्थ, स्थळाची चौकशी व्हायची आहे, तोवर लग्न थांबवलंय, असाही लागतो. पुढच्या दहा महिन्यांत जे पाहिलं त्यावरून हाच अर्थ जास्त बरोबर निघाला.

दहा महिने अशासाठी, की आत्याचं ऑपरेशन झालं, बाराव्या दिवशी घरी सोडलं, पण त्यानंतर दर महिन्याला तिसऱ्या मजल्यावर दाखवायला जावं लागायचं. आणि दर महिन्याला बंद लिफ्टशेजारी स्टुलावर लिफ्टमन मामा बसलेले असायचे.

“लिफ्ट बंद आहे, मग तुम्ही मामा?”

“लिफ्ट बंद आहे, हजेरी चालू आहे.” मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांच्या मागे ही जागा भरायची नाही असं ठरलेलं. “आमचं पद मृत संवर्गात गेलंय,” असं ते सांगायचे, आणि सांगताना डबा उघडून भाकरी खायचे. मृत संवर्गातला माणूस इतक्या चवीने ठेचा खाताना मी प्रथमच पाहत होतो.

लिफ्ट कुणाची, हा माझा पहिला भाबडा प्रश्न. मामांनी बोटं मोजली. इमारत सार्वजनिक बांधकाम खात्याची. पण त्या खात्यात दोन घरं: स्थापत्य आणि विद्युत. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून जाते तो स्थापत्यचा, त्यातून जाणारी लिफ्ट विद्युतची. आतला पेशंट आरोग्य खात्याचा. आणि लिफ्ट चालवायचा परवाना देणारा निरीक्षक ऊर्जा खात्याचा. म्हणजे आत्या लिफ्टमध्ये उभी राहिली की तिचे पाय एका खात्यात, डोकं दुसऱ्यात आणि जीव तिसऱ्यात. मागच्या पावसाळ्यात लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पाणी साचलं. खड्डा स्थापत्यचा, खड्ड्यातला बफर विद्युतचा, आणि पाणी शेजारच्या संडासातलं, म्हणजे रुग्णालयाचं. ते पाणी उपसायला कुणी यायचं यावर तीन पत्रं झाली. चौथं पत्र निघायच्या आत उन्हाळा आला आणि पाणी आटलं. ‘विषय निकाली’ असा शेरा मारून फाइल बंद झाली.

लिफ्टचा कायदा आपल्याकडे नवा नाही. मुंबई प्रांतात तो १९३९ साली झाला, म्हणजे लिफ्टमध्ये चढलेली माणसं बोटांवर मोजता येत होती तेव्हा. तो जवळजवळ आठ दशकं चालला. मग २०१७ च्या नव्या महाराष्ट्र कायद्याने त्याची जागा घेतली आणि मॉलमधले सरकते जिने नि विमानतळावरचे सरकते पट्टेही त्यात घेतले. परवान्याशिवाय लिफ्ट चालवायची नाही आणि ती वेळच्या वेळी तपासून घ्यायची, हा दोन्हींचा गाभा. तसं पाहिलं तर आपल्या राज्यात सगळ्यात बारकाईने पाहिली गेलेली लिफ्ट विधान भवनातली. २०२४ च्या जूनमध्ये देवेंद्र फडणवीस आणि उद्धव ठाकरे तिच्यापाशी एकत्र दिसले आणि वाहिन्यांनी त्या लिफ्टचं दार, बटणं, आतली जागा, सगळं पुन्हा पुन्हा दाखवलं. परवान्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे मात्र कुणी दाखवलं नाही. आत्याने टीव्हीपुढे बसून नेमकं तेच विचारलं होतं.

आमच्या रुग्णालयाची लिफ्ट बिघडली नव्हती, ही यातली मजा. दोर ठीक, मोटर ठीक. कुठल्याशा दुसऱ्या गावी कुठल्याशा लिफ्टचा अपघात झाला, वरून पत्र आलं की सर्व रुग्णालयांतल्या लिफ्टची त्रयस्थाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत जबाबदारी नको म्हणून साहेबांनी लिफ्टला कुलूप लावलं. बंद लिफ्टमध्ये अपघात होत नाही. रॅम्पवर झाला तर तो रॅम्पचा. आणि रॅम्पला परवाना लागत नाही.

मामांकडे वेळ होता, माझ्याकडेही. त्यांनी मला लिफ्ट शिकवली. “साहेब, तुम्हाला वाटत असेल ब्रेक विजेने लागतो. विजेने तो सुटतो. वीज गेली की स्प्रिंग आपोआप ड्रमला घट्ट धरते.” म्हणजे लिफ्टचा मूळ स्वभाव थांबण्याचा. चालायचं तर दर खेपेला सगळ्यांची परवानगी हवी. दाराचं कुलूप म्हणतं, मी लागलोय का ते आधी बघा. वजन मोजणारा म्हणतो, एक माणूस उतरवा. वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर वर मशीनरूममध्ये नुसता गरगरत असतो. पण लिफ्ट ठरल्यापेक्षा जोरात खाली निघाली की तो दोरी आवळतो आणि लिफ्टच्या बुडाशी असलेले जबडे रुळांना कडकडून चावतात. एकाने ‘नाही’ म्हटलं की सगळं ठप्प. ऐकता ऐकता मला हे सगळं कुठंतरी भेटल्यासारखं वाटायला लागलं. मग लक्षात आलं, ही तर फाइल! तिचाही मूळ स्वभाव थांबण्याचा, तिच्यावरही प्रत्येक टेबलाचा एक जबडा टपलेला. फरक एवढाच, की लिफ्टला एक मोटरही असते.

मामा म्हणाले, दोराच्या दुसऱ्या टोकाला जो लोखंडी भार असतो तो रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतो. लिफ्टचं स्वतःचं वजन आणि वर ती जेवढं वाहते त्याच्या साधारण निम्मं. त्यामुळे ब्रेक निकामी झाला तर रिकामी लिफ्ट खाली कोसळत नाही, ती वर जाते. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “यात काय नवल? आमच्या ऑफिसात मी पाच जणांना असं वर जाताना पाहिलंय.”

आता टेंडरकडे वळतो. रुग्णालयातल्या सगळ्या मिळून तीन लिफ्टची तपासणी करायची, एवढंच काम. त्याचं अंदाजपत्रक झालं, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता झाली, तिच्या मागोमाग येण्याऐवजी प्रशासकीय मान्यता आधी यायला हवी होती असं कुणाच्या तरी ध्यानात आलं, म्हणून तांत्रिक मान्यता परत गेली आणि पुन्हा आली. मग ई-निविदा निघाली. बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेतले जेई साहेब तरुण होते, चांगले होते, आणि तिसऱ्या खेपेला मला पाहिल्यावर कुणीतरी वरून लक्ष ठेवायला पाठवलेला माणूस समजून खुर्ची द्यायला लागले होते. निविदेच्या अटी त्यांनीच दाखवल्या. तपासणारी संस्था अशी हवी, की जिने या लिफ्टच्या देखभालीचं काम कधी केलेलं नाही, म्हणजे आपणच केलेलं आपणच तपासलं असं व्हायला नको. आणि तिला शासकीय रुग्णालयातल्याच लिफ्ट तपासल्याचा अनुभव हवा. घरी येऊन हे वाचून दाखवलं तर आत्या उशीला टेकून हसली. “म्हणजे प्रथमवर पाहिजे, पण अनुभवी!”

पहिल्या खेपेला एकच निविदा आली. तीन तरी आल्याशिवाय स्पर्धा झाली असं म्हणता येईना, म्हणून मुदतवाढ. मग शुद्धिपत्रक क्रमांक १: ‘तीन मजले’ ऐवजी ‘तीन उद्वाहने’ असे वाचावे. शुद्धिपत्रक क्रमांक २: शुद्धिपत्रक क्रमांक १ मधील ‘ऐवजी’ च्या आधीचे नंतर व नंतरचे आधी वाचावे. हे झाल्यावर तीन मजल्यांची तपासणी करायला एक संस्था तयार झाली. शुद्धिपत्रक क्रमांक ३ ने दोन्ही रद्द केली, आणि फेरनिविदेला अखेर तीन जण आले.

सर्वांत कमी दराचा ठेकेदार एक्केचाळीस टक्के बिलो होता. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: अंदाजपत्रकापेक्षा जितक्या टक्क्यांनी कमी दर भरला तितकं ते टेंडर ‘बिलो’, आणि ठेकेदारांच्या टपरीवर हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो. एवढ्या बिलोमध्ये काम परवडतं कसं, हे दाखवायला दरपृथक्करण द्यावं लागतं, आणि वर जादा अनामत भरावी लागते. त्याने दोन्ही दिलं. दरपृथक्करणात लिहिलं होतं की तपासनीस मेहुण्याकडे उतरणार असल्याने निवासखर्च शून्य, आणि जेवणाचा खर्चही त्याच नात्यातून भागेल. सुरक्षेच्या आड मेहुणा येऊ शकतो असं कोणताही नियम म्हणत नाही. काम त्याला मिळालं.

मी त्याला एकदा विचारलंच, तोट्यात काम का घेता? तो मोकळा माणूस होता. “काका, हे काम पैशासाठी घेतलंच नाही. काम झालं की अनुभवाचा दाखला मिळतो. तो जोडला की पुढच्या जिल्ह्यात बसता येतं.”

“आणि आत्ता जोडला होता तो?”

“तो मागच्या जिल्ह्यातला. तिकडेही तोटाच झाला.”

कार्यादेश निघाला आणि तपासनीस आला. आला, आणि दहा मिनिटांत खाली उतरला. लिफ्टचा कंट्रोलर उघडायला पासवर्ड लागतो. पासवर्ड देखभाल करणाऱ्या कंपनीकडे. तिचा वार्षिक करार ३१ मार्चला संपलेला. नवा करार करायचा तर सुरक्षा तपासणीचा अहवाल हवा, असं लेखाशाखेने लिहिलेलं. आणि अहवाल पासवर्डशिवाय होईना. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण आपल्या पूर्वजांनी लिफ्ट यायच्या कितीतरी आधी लिफ्टसाठीच केली असणार. उद्वाह तो उद्वाहच.

यावर पाच आठवडे पत्रव्यवहार चालला. मी पुढच्या तपासणीला आत्याला घेऊन गेलो तेव्हा मामांना सहज हे सांगितलं. मामा उठले, हात झटकले, मशीनरूममध्ये गेले आणि भिंतीवरचं कालनिर्णय उचलून धरलं. मागे खडूने चार आकडे लिहिलेले होते. मेकॅनिक दर वेळी विसरायचा म्हणून त्यानेच लिहून ठेवले होते.

“मामा! पाच आठवडे तुम्ही बोलला नाहीत?”

“मला कुणी पत्र दिलं नाही.”

अंदाजपत्रकात लिफ्टमनशी बोलण्याची बाब नव्हती, हे खरं होतं. त्या माणसाने बावीस वर्षं ती लिफ्ट चालवली होती. दुसऱ्या मजल्यावर दार लागताना जो ‘खट्’ आवाज येतो तो ‘खुट्’ यायला लागला की दोन दिवसांत रोलर जाणार, हे त्याला झोपेतही कळलं असतं. पण नमुना प्रपत्रात ‘खट्’ आणि ‘खुट्’ यांना रकाना नाही. रकाना नसलेलं ज्ञान सरकारात वाया जातं असं मी म्हणणार नाही. ते स्टुलावर बसून भाकरी खातं.

मोजमाप पुस्तिकेचीही गंमत अशीच. सरकारी कामाचा पैसा द्यायचा तर काम मोजून पुस्तिकेत चढवावं लागतं. रकाने चार: नग, लांबी, रुंदी, उंची. भिंत असेल तर ठीक. सुरक्षेची लांबी किती धरायची? जेई साहेबांनी दोन दिवस विचार करून नग ३ लिहिलं आणि बाकीच्या रकान्यांत आडव्या रेघा मारल्या. लेखापालाने विचारलं, रेघ म्हणजे शून्य का? शून्याने गुणलं तर बिल शून्य होतं. मग रेघा खोडून एक-एक-एक केलं. आमच्या रुग्णालयाची सुरक्षितता अशा रीतीने तीन घनमीटर भरली.

खरा पेच आला वजनाच्या परीक्षेत. लिफ्टमध्ये पाटी होती: १५ व्यक्ती, १०२० किलो. भागाकार केला तर माणशी ६८ किलो पडतात. लिफ्टच्या भारतीय मानकात माणूस तेवढ्याच वजनाचा असतो. आमच्या घराण्यात त्या मानकात बसणारी एकटी आत्या, तीही ऑपरेशननंतर. तपासनीसाला एवढं वजन आणि ब्रेकच्या परीक्षेला त्याच्या सव्वापट, म्हणजे १२७५ किलो, लिफ्टमध्ये ठेवून हवं होतं. वाळूची पोती आणू, असं ठरलं. पण वाळू म्हणजे गौण खनिज. तिची रॉयल्टीची पावती बिलाला जोडायला हवी. ठेकेदार म्हणाला, वाळू मी वापरत नाही, नुसती लिफ्टमधून फिरवून परत नेणार आहे. लेखापाल म्हणाले, वाहतूक झाली ना? पाचव्या खात्याचं, म्हणजे महसूलचं आगमन होतंय असं दिसताच सगळे सावध झाले. सलाइनची खोकी? ती औषधभांडाराची, भांडाराबाहेर गेली की वाटप झाल्याचं धरतात. पंधरा-वीस नातेवाईक उभे करा, असंही कुणीतरी सुचवलं, आणि रॅम्पवरचे ते दोन जावई ताबडतोब दिसेनासे झाले.

न्यूयॉर्कला १८५४ साली एलिशा ओटिस नावाचा गृहस्थ प्रदर्शनात उंच फळीवर स्वतः उभा राहिला आणि भर गर्दीपुढे त्याने तिचा दोर कापायला लावला. फळी जराशी खचली आणि जागच्या जागी अडकली. लोकांचा लिफ्टवर विश्वास बसला. आपल्याकडे हे झालं नसतं. कापलेला दोर निर्लेखित कुणी करायचा, यावर प्रदर्शन संपलं असतं.

तोडगा आत्याने काढला. “तळघरात जुने केसपेपर असतील ना? आणि जुन्या निविदांच्या फायली? त्या रुग्णालयाच्याच आवारात आहेत, रुग्णालयाच्याच आवारात राहतील. ना वाहतूक, ना वाटप. ‘अभिलेखांची अंतर्गत पुनर्मांडणी, विशेष बाब म्हणून’ असं लिहायला सांग.”

जेई साहेबांनी ते अक्षर न बदलता लिहिलं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून तांदूळ तोलायचा काटा आला. पंधरा-पंधरा किलोचे पंच्याऐंशी गठ्ठे लाल फडक्यांत बांधून लिफ्टमध्ये रचले. त्यांत याच लिफ्टच्या खरेदीची मूळ फाइल होती, खड्ड्यातल्या पाण्याची तीन पत्रं होती, आणि तीनही शुद्धिपत्रकं होती. फाइलवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. फाइलींचंच वजन ठेवून काहीतरी हलताना मी त्या दिवशी पाहिलं. लिफ्ट गुरगुरली, एक क्षण बिचकली आणि वर गेली. ब्रेकने सव्वापट वजन धरलं. वर गव्हर्नर ओढून पाहिला, तर जबडे रुळांना असे चावले की सोडवायला मेकॅनिकला अर्धा तास लागला. मामा कान लावून उभे होते. “खट्,” ते म्हणाले. “बरोबर आहे.”

आत्याच्या शेवटच्या तपासणीला लिफ्ट चालू झाली. तोवर काठी सुटली होती. ती जिना चढून गेली असती, डॉक्टरांनीही चढायला सांगितलं होतं. पण ती हट्टाने लिफ्टपाशी थांबली. दारावरचा कागद काढलेला होता, चिकटपट्टीचे चार डाग उरले होते. आत नवं प्रमाणपत्र काचेत लावलेलं. मामांनी दार सरकवलं. आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

“जावक क्रमांक आहे. तारीख आहे. सही आहे.” ती थोडी पुढे वाकली. “वैधता कार्यादेशाच्या दिनांकापासून एक वर्ष. अरे, कार्यादेश कधी निघाला होता?”

मी बोटं मोजली. पासवर्डाचे पाच आठवडे, वाळूचे सात, मोजमापाचे, सहीचे.

“म्हणजे उरले सात महिने,” आत्या म्हणाली. “अंदाजपत्रक आजच टाकायला हवं.”

“आजी, कितवा मजला?” मामांनी विचारलं.

“तिसरा. पण खाली आल्यावर रिक्षा बांधकाम खात्यावरून घ्यायची आहे.”